शेवाळ, फरशी आणि पाण्याचा दाब

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान वसलेल्या चिखलोली परिसरात पावसाळा सरला की अंगणे, पायऱ्या आणि गृहसंकुलांतील वाहनतळ यांवर हिरवट-काळा बुळबुळीत थर उरतो. त्याला सरसकट शेवाळ म्हटले जात असले, तरी त्यात सूक्ष्म शैवालांबरोबर नील-हरित जीवाणूही असतात, आणि त्यांतील अनेक जाती उन्हात वाळून काळ्या पडल्या तरी मरत नाहीत, ओल मिळताच पुन्हा फुगतात. कोरडी दिसणारी पायरी एखाद्या अवकाळी सरीनंतर निसरडी होते ती यामुळेच.

हा थर काढण्यासाठी आता प्रेशर वॉशर सर्रास वापरला जातो. त्यातील पंप पाण्याला अरुंद नोझलमधून लोटतो आणि दाबाचे रूपांतर वेगात होते. घरगुती यंत्रांचा दाब साधारणतः 100 ते 150 बार असतो, आणि एक बार म्हणजे जवळजवळ हवेच्या सर्वसाधारण दाबाएवढा. तथापि परिणाम ठरतो तो यंत्रावर छापलेल्या आकड्यापेक्षा धारेचा कोन आणि अंतर यांवर, कारण शून्य अंशाची सरळ धार दगडालाही इजा करते, तर तेच पाणी 25 किंवा 40 अंशांत पसरले की केवळ वरचा थर निघतो.

खरा प्रश्न आहे तो खालच्या जमिनीचा. शहाबादी फरशी हा थरांनी बनलेला चुनखडक असल्यामुळे कडेवर रोखलेली धार त्याचे पापुद्रे सोडवते. त्यावर अ‍ॅसिड ओतणे तर त्याहून वाईट, कारण चुनखडक आम्लात विरघळतो. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतील वाळू ही त्या बांधणीची पकड असते. ती उडून गेली की ब्लॉक हलू लागतात, म्हणून धुऊन वाळल्यावर सांध्यांत बारीक कोरडी वाळू पुन्हा भरावी लागते. सिमेंटच्या कोब्याचा वरचा गुळगुळीत थर खरवडला गेला, तर खडबडीत झालेल्या पृष्ठभागात ओल अधिक टिकते, आणि अतिरेकी सफाई पुढच्या वर्षीच्या शेवाळालाच जागा करून देते. अंबरनाथचे इ. स. 1060 मधील शिवमंदिर ज्या काळ्या बसाल्टचे आहे तो खडक मुळात कठीण, पण शतकानुशतके झिजलेल्या कोरीव दगडाच्या आसपास हे यंत्र नेऊच नये.

यंत्र चालवणारा कामगार बहुधा रबरी चपला घालून उभा असतो, ही बाब गंभीर आहे. जवळून लागलेली धार कातडी भेदून पाणी आत घुसवू शकते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. त्यामुळे बंद बूट, चष्मा आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे आरसीसीबी या किमान अटी आहेत.

मिनिटाला 7 लिटर पाणी घेणारे यंत्र अर्ध्या तासात 210 लिटर खर्च करते. नळीच्या मोकळ्या धारेपेक्षा हे कमी असले, तरी शहरी नियोजनात एका माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी धरले जाते, हे चिखलोली धरणाच्या शेजारी राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शिवाय धुवण गटारातून अखेरीस वालधुनी किंवा उल्हास नदीच्या वाटेला लागते, म्हणून आधी खराट्याने चिखल व पालापाचोळा काढून तो कोरडाच उचलावा आणि ब्लीचिंग पावडर गटारात सोडू नये. दरवर्षी एकाच कोपऱ्यात थर दाटत असेल, तर तेथे पागोळीचे पाणी साचते की एखादी वाहिनी गळते हे शोधून जमिनीचा उतार सुधारणे, हे यंत्र भाड्याने आणण्याआधीचे काम आहे.