दहा किलोमीटरची तयारी (भाग ५) : टेम्पो रन

मागच्या भागातलं सावकाश धावणं आता अंगवळणी पडलं असेल, तर या आठवड्यापासून टेम्पो रन सुरू करू. उदाहरण घेऊ ५० मिनिटांत दहा किलोमीटर धावण्याचं. शर्यतींत धावणाऱ्या कितीतरी हौशी मंडळींचा पीबी (स्वतःची सर्वोत्तम वेळ) याच आकड्यापाशी अडलेला असतो.

४०० मीटरच्या ट्रॅकवर दहा किलोमीटर म्हणजे २५ फेऱ्या. ५० मिनिटांसाठी प्रत्येक फेरी बरोबर दोन मिनिटांत यायला हवी. अशी एक फेरी मारून बघा, फार जड जाणार नाही. दम निघतो तो सतराव्या-अठराव्या फेरीला. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या आशियाई स्पर्धेत याच अंतरात रौप्यपदक मिळवलं, तेही ३२ मिनिटांच्या आत. म्हणजे फेरीमागे सरासरी ७७ सेकंदांहून कमी, आणि तेही सलग पंचवीस वेळा! वेग अनेकांच्या पायांत असतो. तो टिकवणं हीच खरी मेहनत आहे.

वेग टिकत नाही याचं खापर बऱ्याचदा लॅक्टेटवर फुटतं. दुसऱ्या दिवशी पाय दुखले तरी ‘लॅक्टिक अॅसिड साचलं’ असं ग्रुपमध्ये हमखास ऐकू येतं. ही समजूत आता सोडायला हवी. स्नायू ग्लुकोज वापरतात तेव्हा लॅक्टेट तयार होतंच, अगदी आरामात चालतानाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातली पातळी पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंना झालेल्या बारीक इजांचं असतं.

मात्र एका ठरावीक वेगाच्या पुढे लॅक्टेट वापरलं जाण्यापेक्षा तयार जास्त होतं आणि रक्तात साचू लागतं. त्याच सुमारास स्नायूंमधली आम्लता वाढते, धाप लागते, पाय उचलेनासे होतात. सरावातला धावपटू या सीमेवरच्या वेगाने साधारण तासभर धावू शकतो. टेम्पो रन याच वेगाने करायचा, म्हणजे ती सीमा हळूहळू पुढे सरकते.

आज दहा किलोमीटरला ५२ मिनिटं लागत असतील, तर टेम्पोचा वेग किलोमीटरला ५ मिनिटं १५ ते २० सेकंद. हो, शर्यतीच्या ध्येयापेक्षा कमीच! इथेच बहुतेकांना राहवत नाही. ते पाचच्या पेसने सुटतात, दहाव्या मिनिटाला ढेपाळतात आणि शरीराला त्या सीमेवर राहण्याची सवय लागतच नाही.

आठवड्यातून एकदाच करा. आधी दोन किलोमीटर रमतगमत, मग २० मिनिटं टेम्पो, शेवटी पुन्हा हळू. सलग २० मिनिटं झेपत नसतील तर आठ-आठ मिनिटांचे तीन तुकडे पाडा आणि मध्ये दोन मिनिटं जॉगिंग करा. धावताना चार-पाच शब्दांचं वाक्य बोलता यावं, गप्पा मारता येऊ नयेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्वचा गार ठेवायला रक्त तिकडे वळतं आणि त्याच पेसला नाडी जास्त धावते. अशा दिवशी घड्याळापेक्षा श्वासावर विश्वास ठेवा आणि पेस दहा-पंधरा सेकंदांनी उतरवा.

महिनाभराने पाच किलोमीटरची चाचणी घ्या. त्यात वेळ सुधारली, तरच टेम्पोचा पेस वाढवा, आणि तोही पाचच सेकंदांनी.