भेट आणि पाहुणचार : दुब्रोव्हनिकचा मुक्काम ठरवताना

मागच्या वेळी आपण कांटच्या नीतिविचाराबद्दल बोललो. आज तोच विचार एका घरगुती प्रश्नाला लावून बघू. सुट्टीसाठी परदेशी जायचं, तर मुक्काम कसा ठरवायचा? उदाहरण घेऊ दुब्रोव्हनिकचं. भूमध्य समुद्राचा जो फाटा एड्रियाटिक म्हणून ओळखला जातो, त्याच्या काठावरचं हे क्रोएशियातलं तटबंदीचं शहर.

आधी कांट. १७९५ साली शाश्वत शांततेवर लिहिलेल्या निबंधात तो दोन हक्क वेगळे करतो. एक भेटीचा, दुसरा पाहुणचाराचा. पृथ्वी गोल आहे, माणसं पांगून पांगून जाणार कुठे? म्हणून परक्या माणसाला दाराशी येण्याचा हक्क आहे, त्याला शत्रू मानता येत नाही. पण पाहुणा म्हणून ठेवून घ्या, असं तो हक्काने म्हणू शकत नाही. त्यासाठी यजमानाची संमती लागते. आपल्याकडे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती सांगतात. आजचा पर्यटक मात्र तिथी, वेळ, खोली सगळं ठरवून येतो. म्हणजे यजमानाचा विचार आधीच करायला त्याला वेळ असतो!

आता हे शहर बघा. पूर्वी याचं नाव रगुसा. १८०८ पर्यंत ते स्वतंत्र व्यापारी प्रजासत्ताक होतं. व्यापार म्हटला की परके आलेच, त्यांच्याबरोबर रोगराईही आली. तेव्हा १३७७ साली रगुसाने नियम केला : प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी मर्कान बेटावर किंवा शेजारच्या त्साव्तात गावात एक महिना काढायचा, मगच शहरात पाऊल टाकायचं. क्वारंटाइनच्या व्यवस्थेची ही सुरुवात मानतात. दार बंद केलं नाही. येण्याला अट घातली. हे कांटच्या आधी चारशे वर्षं!

१६६७ च्या भूकंपात शहर कोसळलं, १९९१ च्या वेढ्यात तोफगोळे पडले, दोन्ही वेळा पुन्हा उभं राहिलं. आजचं संकट वेगळं आहे. १९९१ साली तटाच्या आत सुमारे ५ हजार माणसं राहत होती. आज २ हजारही नाहीत. घरांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. क्रूझची जहाजं इतकी वाढली, की २०१९ मध्ये एका वेळी दोनच जहाजं आणि ४ हजारच प्रवासी, असं बंधन ठरवावं लागलं.

तुम्ही म्हणाल, सर, आमच्या एका कुटुंबाने काय फरक पडणार? इथे कांटची कसोटी लावा : मी करतोय ते सगळ्यांनी केलं तर? सगळेच ऑगस्टमध्ये, सकाळी दहाला येऊन चारला परतले, तर शहराचं नुसतं प्रदर्शन होईल.

मग आखणी कशी करायची? एक, महिना. जुलै-ऑगस्ट टाळा. मे किंवा सप्टेंबरचा शेवट घ्या. ऊन सोसवतं आणि गर्दीही कमी असते. दोन, मुक्काम. एका दिवसाची धावती भेट नको, चार रात्री तरी राहा. सकाळी आठला किंवा संध्याकाळी जहाजं गेल्यावर स्ट्रादुन या मुख्य रस्त्यावर फिरा. सुमारे १९४० मीटरच्या तटावरची फेरी सकाळी लवकर उरका, वर सावली फारशी नाही. तट, संग्रहालयं आणि शहर-बस यांचा एकत्र पासही मिळतो. तीन, जागा. तटाच्या आत गाड्या येत नाहीत. वरच्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या, गुडघे दुखणाऱ्यांनी तर विचारच करू नये. लापाद किंवा ग्रुझ भागात राहा, बसने जुन्या शहरात या. आत राहायचंच असेल, तर घरमालक स्वतः तिथे राहतो अशी खोली शोधा. अख्खं घर रिकामं करून भाड्याने देणं वेगळं आणि राहत्या घरातली एक खोली देणं वेगळं.

चार, प्रवास. दुब्रोव्हनिकला रेल्वे नाही. विमान, बस किंवा बोट. २०२२ साली पेल्येशाट्सचा पूल झाल्यापासून स्प्लिटहून रस्त्याने येताना बोस्नियाची हद्द ओलांडावी लागत नाही. आणि २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे, चलन युरो आहे. तेव्हा भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागेल. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.

व्हिसा म्हणजे तरी काय? कांटच्या भाषेत तो भेटीचा हक्क, कागदावर उतरलेला. पाहुणचाराचा नव्हे. तो कुठलंही खातं शिक्का मारून देत नाही. आपण कधी जातो, कुठे उतरतो, किती दिवस थांबतो, यावरून यजमान तो देतो किंवा देत नाही. आखणी करताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं. आता प्रश्न घेऊ या.