खांद्यामागची मूठ

वाचता वाचता एक करून पाहा. खुर्चीत ताठ बसा, पाय पुढे जमिनीवर टेकवा आणि उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे नेऊन पाठीमागची एखादी वस्तू पकडायचा प्रयत्न करा. आता उजव्या पायाकडे लक्ष द्या. तो जमिनीवर रेटला गेला असेल. तुम्ही त्याला तसे सांगितले नव्हते. कमरेतून वळताना शरीराला टेकू लागतो आणि तो टेकू पाय परस्पर देऊन मोकळा होतो. घरात त्याने काही बिघडत नाही. पण पायाखाली विमानाच्या रडरचे, म्हणजे सुकाणूचे, पेडल असेल तर?

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात एक छोटे विमान कोसळले. विमानात एकटाच माणूस होता: ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ हे गाणे जगभर पोहोचवणारा गायक जॉन डेन्व्हर, वय ५३. उड्डाणाचा अनुभव सुमारे २,७०० तासांचा, म्हणजे हौशी वैमानिकासाठी भरपूर. हे विमान मात्र त्याच्या ताब्यात आदल्याच दिवशी आले होते.

‘लाँग-ईझी’ जातीचे हे विमान घरी बांधलेले होते. घरी विमान बांधणे हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईकरांनी पाहिले आहे. अमेरिकेत अशी हजारो विमाने आहेत. लाँग-ईझीचा आराखडा बर्ट रुटान या नामवंत अभियंत्याचा. त्याचे नकाशे विकत घ्यायचे आणि फोम व फायबरग्लासमधून विमान स्वतः घडवायचे. अशा विमानांची नोंदणी ‘प्रायोगिक’ गटात होते आणि आराखड्यात फेरफार करायला बांधणारा मोकळा असतो.

या विमानाच्या मूळ बांधणाऱ्याने असाच एक फेरफार केला होता. जुन्या स्कूटर-मोटरसायकलवर पेट्रोल संपत आले की चालता चालता हात खाली नेऊन कॉक ‘रिझर्व्ह’ला लावायचा, हे अनेकांना आठवत असेल. लाँग-ईझीत दोन टाक्या असतात आणि एकीवरून दुसरीवर जायला तसाच एक व्हॉल्व्ह असतो. रुटानच्या नकाशात त्याची जागा वैमानिकाच्या दोन पायांच्या मधे, समोर. बांधणाऱ्याला मात्र कॉकपिटमध्ये इंधन नको होते. हेतू सुरक्षिततेचाच. म्हणून त्याने व्हॉल्व्ह मागे नेला आणि त्याची मूठ आसनामागच्या आडव्या भिंतीवर, वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली.

आता ती मूठ फिरवायची कशी? या विमानाची स्टिक उजव्या बाजूला असते. ती सोडायची, खांद्याचा पट्टा सैल करायचा, धड ९० अंशांत डावीकडे वळवायचे आणि मग मूठ शोधायची. मुठीवर काही खूण नव्हती. उजवीकडे फिरवली की डावी टाकी, खाली केली की उजवी, वर केली की इंधन बंद! इंधन किती उरले हे दाखवणाऱ्या काचा मागच्या बाजूला होत्या आणि त्यांवरही आकडे नव्हते. उड्डाणापूर्वी डेन्व्हर आणि एका तंत्रज्ञाने मुठीला पक्कड लावून ती लांबवून पाहिली, जमले नाही. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्याला एक आरसा दिला. गरज पडलीच तर ऑटोपायलट लावून मूठ फिरवीन, असे डेन्व्हर म्हणाला. तासाभराचे तर उड्डाण, म्हणून इंधनही भरून घेतले नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासकांनी तशाच आसनात बसून मुठीपर्यंत पोहोचून पाहिले. वळताना प्रत्येक वेळी उजवा पाय आपसूक उजव्या पेडलवर रेटला गेला. ते पेडल दाबले गेले की हे विमान नाक किंचित वर करून उजवीकडे कलंडते. साक्षीदारांनी जवळपास तेच पाहिले होते: विमान थोडे वर झाले, कलंडले आणि नाकावर समुद्रात गेले. उंची काहीशे फूटच, सावरायला वेळ नाही. मंडळाने लक्ष विचलित होणे, नकळत दाबले गेलेले रडर आणि इंधन न भरणे ही कारणे नोंदवली. मुठीची अवघड जागा आणि अपुरे प्रशिक्षण यांनी त्याला हातभार लावला, असेही म्हटले.

‘वैमानिकाची चूक’ म्हणून फाइल बंद करण्याची सवय जुनी आहे, आणि ती मोडली एका मानसशास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅप उचलण्याऐवजी चाकेच आत घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फोन्स चापानिस यांनी पाहिले, तर दोन्ही कळा शेजारी-शेजारी आणि दिसायला सारख्या. त्यांनी चाकांच्या कळीवर रबराचे छोटे चाक आणि फ्लॅपच्या कळीवर पाचरीच्या आकाराचा तुकडा लावण्याचा उपाय सुचवला. १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स यांनी अशा ४६० चुकांचा अभ्यास केला. एका कळीऐवजी दुसरी हलवणे हा त्यांतला मोठा प्रकार निघाला. मुठींचे आकार पुढे प्रमाणित विमानांच्या नियमांत आले. घरी बांधलेल्या विमानात मात्र ती जबाबदारी बांधणाऱ्याच्या विवेकावर येते. हीच बाब मला सर्वांत काळजीची वाटते. कारण इंजिन निवडताना माणूस दहा जणांना विचारतो, आणि बटण मात्र जिथे भोक पाडणे सोपे तिथे बसवतो.

जाणकार बांधणारे आधी प्लायवूड किंवा पुठ्ठ्याचा कॉकपिट करतात. त्यात आसन ठेवून, उडताना घालणार तेच बूट घालून, पट्टा पूर्ण आवळून बसायचे. स्टिक चारही दिशांना टोकापर्यंत न्यायची. ती मांडीला अडते का, हे सर्वांत जाड प्रवाशाला बसवून बघायचे. मग डोळे मिटून प्रत्येक मूठ हाताने शोधायची आणि दुसऱ्याला पायांवर नजर ठेवायला सांगायचे. इंधनाच्या मुठीचे टोक त्या-त्या टाकीकडेच वळायला हवे आणि ‘बंद’कडे जायला आधी काहीतरी उचलावे किंवा दाबावे लागले पाहिजे. हे सगळे नळ्या आणि तारा टाकण्याआधी उरकायचे. एकदा त्या बसल्या की मूठ हलवायला कुणाचे मन धजत नाही.