रेकॉर्डच्या पाकिटातली चिठ्ठी

मार्च १९८९. मॅडोनाचा ‘लाइक अ प्रेअर’ हा अल्बम बाजारात आला. पाकीट उघडलं की पॅचौलीच्या तेलाचा वास दरवळे. चर्चमधल्या धुपाची आठवण व्हावी म्हणून तो मुद्दाम लावलेला होता. आत तबकडीसोबत आणखी एक कागद होता. त्यावर एड्सची माहिती छापली होती. हा आजार कोणालाही होऊ शकतो, तो कसा पसरतो, कंडोम का वापरावा, आणि आजारी माणसाला तिरस्काराची नाही तर मायेची गरज असते, असं त्यात सांगितलं होतं. नाचाची गाणी घ्यायला गेलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती हा कागद न मागता पडला.

त्याच दिवसांत आपल्याकडे गोव्यात डॉमिनिक डिसोझा हा तरुण एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात कोंडलेला होता. तो नेमानं रक्तदान करायचा. रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचललं आणि राज्याच्या आरोग्य कायद्याचा आधार घेऊन ६४ दिवस डांबून ठेवलं. त्याच्या आईला उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. सुटल्यावर डॉमिनिकनं ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. १९९२ मध्ये तो गेला.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण एड्स या शब्दाला तेव्हाचं जग किती भ्यायचं हे डॉमिनिकच्या कोंडवाड्यावरून कळतं, आणि ते कळल्यावर त्या कागदाचं मोल ध्यानात येतं. मॅडोनावर आजवर जे लिहिलं गेलं त्यात कपडे, क्रूस, चुंबनं आणि बंद्या यांनीच जास्त जागा अडवली आहे. तिची गोष्ट मला त्या कागदापासून सांगावीशी वाटते, कारण त्यामागे काही माणसं आहेत.

आईचं नाव

मॅडोना हे रंगमंचासाठी घेतलेलं नाव असावं असं अनेकांना वाटतं. ते तिचं खरं नाव आहे, आणि ते तिच्या आईचंही होतं. मॅडोना लुईस चिकोनी १६ ऑगस्ट १९५८ रोजी मिशिगन राज्यातल्या बे सिटी इथे जन्मली. वडील सिल्व्हिओ इटालियन कुटुंबातले, पेशानं अभियंता. घर कट्टर कॅथलिक. १ डिसेंबर १९६३ रोजी आई स्तनाच्या कर्करोगानं गेली. आई तीस वर्षांची, मुलगी पाच वर्षांची. घरात सहा भावंडं. पुढे वडिलांनी घर सांभाळायला आलेल्या बाईशी लग्न केलं.

क्रूस, मेणबत्त्या, प्रार्थना आणि पापाची भीती हे सगळं या घरातून आलं. ‘लाइक अ प्रेअर’ या ज्या अल्बमवर चर्च सर्वांत जास्त संतापलं, तो तिनं आईला अर्पण केला आहे, आणि आईनं आपल्याला प्रार्थना शिकवली याची नोंद त्या अर्पणात आहे. तिचं चर्चशी भांडण होतं, पण ते घरातल्या लेकीचं भांडण होतं.

शाळेत असताना ती ख्रिस्तोफर फ्लिन या बॅले शिक्षकाकडे नाच शिकू लागली. तू सुंदर आहेस, हे आपल्याला पहिल्यांदा फ्लिननी सांगितलं, असं तिनं मुलाखतींत सांगितलं आहे. फ्लिन समलिंगी होते. डेट्रॉइटच्या समलिंगी क्लबांमध्ये तेच तिला प्रथम घेऊन गेले. लपूनछपून जगणारी माणसं तिथे रात्रीपुरती मोकळी होत आणि नाचत. मिशिगन विद्यापीठातली नृत्याची शिष्यवृत्ती सोडून न्यूयॉर्कला जा, असा आग्रहही त्यांचाच.

पस्तीस डॉलर

१९७८ मध्ये ती न्यूयॉर्कला आली. तेव्हा आपल्या खिशात ३५ डॉलर होते, असं ती सांगत आली आहे. टाइम्स स्क्वेअरमध्ये डोनटच्या दुकानात काम, चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून बसणं, पर्ल लँग यांच्याकडे नृत्याचे धडे. त्याच पहिल्या वर्षात एका अनोळखी माणसानं सुऱ्याच्या धाकावर तिच्यावर बलात्कार केला. २०१६ मध्ये ‘बिलबोर्ड’नं तिला वर्षातली सर्वश्रेष्ठ स्त्री म्हणून गौरवलं, तेव्हा भर सभागृहात ती याविषयी बोलली. तिच्या कामातला जो हट्ट आहे, माझ्या देहाचं काय करायचं ते मी ठरवणार हा, तो ऐकताना हे विसरता येत नाही.

नाचणारी मुलगी हळूहळू ड्रम वाजवू लागली, गिटार शिकली, गाणी लिहू लागली. डेमो टेप घेऊन ती ‘डान्सटेरिया’ या क्लबात जायची. तिथले डीजे मार्क कॅमिन्स यांनी ती टेप लावली, लोक नाचले, आणि कॅमिन्स तिला सायर रेकॉर्ड्सच्या सेमूर स्टाइनपर्यंत घेऊन गेले. स्टाइन तेव्हा रुग्णालयात होते. करार त्यांच्या खाटेपाशीच ठरला. ऑक्टोबर १९८२ मध्ये ‘एव्हरीबडी’ हे पहिलं गाणं निघालं. पाकिटावर तिचा फोटो नव्हता, त्यामुळे गायिका कृष्णवर्णीय असावी असा पुष्कळांचा समज झाला. तिचं संगीत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी नाचघरांतून आलं होतं, म्हणून तो समज स्वाभाविक होता. या उसनवारीकडे पुढे यावंच लागणार आहे.

केक, बूट आणि बंदी

गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालं. गाणं आता बघायची गोष्ट झालं. हे सर्वांत लवकर ज्यांच्या ध्यानात आलं त्यांत मॅडोना होती. १४ सप्टेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये एमटीव्हीचे पहिले पुरस्कार होते. नवरीच्या पांढऱ्या वेशात ती एका उंच केकवरून खाली उतरली. पायातला बूट निसटला. तो उचलायला म्हणून ती खाली वाकली, आणि पुढचं ‘लाइक अ व्हर्जिन’ जमिनीवर लोळत गायली. तुझी कारकीर्द इथेच संपली, असं व्यवस्थापकानं पडद्यामागे सुनावल्याचं ती सांगते. वर्षअखेरीस ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं आणि सलग सहा आठवडे तिथेच राहिलं.

गाणं बिली स्टाइनबर्ग आणि टॉम केली यांचं, निर्मिती नाइल रॉजर्सची. रबरी बांगड्या, जाळीदार हातमोजे, गळ्यात चार-चार क्रूस ही वेशभूषा घडवण्यात मारिपोल या कलावतीचा हात. १९८५ च्या दौऱ्यात तिच्यासारख्या सजलेल्या मुलींनी सभागृहं भरली. नटणं म्हणजे कोणाला तरी आवडावं म्हणून केलेली तयारी, हे त्या मुलींनी घरात ऐकलेलं होतं. नटायचं ते स्वतःला हवं म्हणून, ही परवानगी त्यांना मॅडोनाकडून मिळाली.

त्यानंतर आलं १९८९. पेप्सीनं तिच्याशी ५० लाख डॉलरचा जाहिरातीचा करार केला. २ मार्चला जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकली. दुसऱ्याच दिवशी एमटीव्हीवर ‘लाइक अ प्रेअर’चा व्हिडिओ आला. दिग्दर्शिका मेरी लँबर्ट. एका गोऱ्या मुलीवर हल्ला होतो, मदतीला धावलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला पोलीस पकडून नेतात, आणि चर्चमधली कृष्णवर्णीय संताची मूर्ती सजीव होते. मागे जळते क्रूस. अमेरिकेत जळता क्रूस ही कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची खूण. त्यामुळे चित्राचा रोख स्पष्ट होता. व्हॅटिकनमधून निषेध झाला, बहिष्काराची हाक आली, पेप्सीनं जाहिरात मागे घेतली. ५० लाख डॉलर मात्र मॅडोनाकडेच राहिले.

हा तिचा हिशेब पुढे अनेकदा जमला. १९९० मध्ये ‘जस्टिफाय माय लव्ह’चा व्हिडिओ दाखवायला एमटीव्हीनं नकार दिला, तर तो कॅसेट म्हणून दुकानात आला आणि हातोहात खपला. त्याच वर्षीच्या ‘ब्लॉन्ड ॲम्बिशन’ दौऱ्यात तिनं झां पॉल गोतिएनं घडवलेली ती प्रसिद्ध शंकूच्या आकाराची चोळी घातली. टोरोंटोत पोलीस अटकेची ताकीद देऊन गेले. तिनं कार्यक्रमात काडीचाही बदल केला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी बहिष्काराचं आवाहन केलं आणि रोममधला दुसरा खेळ रद्द झाला.

प्रत्येक डाव मात्र जमला नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये आलेल्या ‘सेक्स’ या छायाचित्रांच्या पुस्तकाच्या जगभर सुमारे १५ लाख प्रती गेल्या, पण लोक कंटाळले, समीक्षकही. तरी त्याच वर्षी तिनं टाइम वॉर्नरबरोबर ‘मॅव्हरिक’ ही स्वतःची कंपनी काढली होती. ॲलानिस मॉरिसेटचा ‘जॅगेड लिटल पिल’ १९९५ मध्ये याच कंपनीतून आला. गाणारी बाई कंपनीच्या मालकाच्या खुर्चीत बसली होती. माझ्या मते तिच्या सर्व धाडसांत हे धाडस सर्वांत टिकाऊ ठरलं.

मरणाऱ्यांचं शहर

त्या कागदामागच्या माणसांकडे आता वळतो. न्यूयॉर्कमधले तिचे मित्र चित्रकार, नर्तक, वेशभूषाकार होते, आणि ऐंशीच्या दशकात ते एकामागून एक मरत होते. चित्रकार मार्टिन बर्गोइन तिचा जिवलग मित्र. ‘बर्निंग अप’ या गाण्याचं पाकीट त्यानंच सजवलं होतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो एड्सनं गेला, अवघा तेवीस वर्षांचा. त्याच्या उपचारांचा खर्च तिनं उचलला. जुलै १९८७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला तिचा खेळ एड्स संशोधनाच्या निधीसाठी होता. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी एड्सवरचं पहिलं मोठं भाषण केलं ते त्याच वर्षीच्या मे महिन्यात, वीस हजारांहून अधिक अमेरिकन मेल्यानंतर. १९९० मध्ये चित्रकार कीथ हेरिंग गेला. त्याच वर्षी ख्रिस्तोफर फ्लिनही गेले.

सरकार गप्प, चर्च हे पापाचं फळ म्हणणारं, आणि घरचे लोक मृतदेह न्यायला न येणारे. अशा वेळी लाखो पाकिटांतून तो कागद घरोघर गेला. तिच्या मांडीवरच्या, छातीवरच्या, क्रूसावरच्या चर्चेत तो हरवला, हे मला खटकतं.

उसनं घेतलेलं

पण ऋणाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. १९९० चं ‘व्होग’ हे तिचं खूप लोकप्रिय गाणं. त्यातला नाच हार्लेमच्या बॉलरूममधला. घराबाहेर काढलेली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स मुलं तिथे ‘हाउस’ नावाची कुटुंबं उभी करत आणि चालण्या-नाचण्याच्या स्पर्धा लावत. एक्स्ट्राव्हगान्झा हाउसचे होझे आणि लुईस तिच्यासोबत मंचावर आले, जगभर फिरले. पण नाच ज्यांनी घडवला त्यातली बहुतेक माणसं जिथे होती तिथेच राहिली. बेल हुक्स या कृष्णवर्णीय विदुषीनं १९९२ मध्ये ‘ब्लॅक लुक्स’ या पुस्तकात तिच्यावर कठोर निबंध लिहिला. गोरी बाई कृष्णवर्णीयांची संस्कृती अंगावर चढवते आणि तिच्यामागची वेदना मागे ठेवते, असा त्याचा आशय.

‘ब्लॉन्ड ॲम्बिशन’ दौऱ्यातल्या नर्तकांची गोष्ट तर अस्वस्थ करणारी आहे. ‘ट्रुथ ऑर डेअर’ या १९९१ च्या माहितीपटात त्यांचं खासगी आयुष्य पडद्यावर आलं. तिघांनी तिच्यावर दावा लावला. त्यांतला गेब्रिएल ट्रूपिन १९९५ मध्ये एड्सनं गेला. २०१६ च्या ‘स्ट्राइक अ पोझ’ या माहितीपटात दोन नर्तकांनी सांगितलं की दौऱ्याच्या वेळीच त्यांना एचआयव्ही होता आणि त्यांनी तो सर्वांपासून लपवला होता. मंचावर ती सुरक्षित संबंधांविषयी बोलत होती, आणि हातभर अंतरावर नाचणाऱ्या मुलाला तिच्याजवळही तोंड उघडण्याचा धीर होत नव्हता. भीती केवढी खोल होती, हे याहून नेमकं कोणी सांगू शकेल असं वाटत नाही.

उसनवारीचा हाच प्रश्न आपल्यापर्यंतही आला. १९९८ च्या ‘रे ऑफ लाइट’ या अल्बममध्ये ‘शांती/अष्टांगी’ हे संस्कृत गाणं आहे. त्यात शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘योगतारावली’चा आधार आहे, आणि म्हैसूरच्या पट्टाभि जोइस यांच्या परंपरेत योगाभ्यासाआधी म्हटला जाणारा मंत्र त्यात येतो. मुलगी झाल्यावर ती या योगाकडे वळली होती. त्याच वर्षी एमटीव्हीच्या मंचावर ती कपाळी वैष्णव गंध लावून गायली आणि काही वैष्णव संघटनांनी आक्षेप घेतला. क्रूस तिच्या घरचा होता, म्हणून त्याच्याशी भांडायचा हक्क तिनं कमावला होता. गंध पाहुण्यासारखं घेतलेलं होतं. दोन्हींना एकाच मापानं मोजू नये असं मला वाटतं.

पुढच्या पिढ्या

आज लेडी गागा असो की ब्रिटनी स्पिअर्स, दर अल्बमला नवं रूप घेणं, देहावर स्वतःचा हक्क सांगणं, वादाला सामोरं जाणं या वाटा त्यांना मळलेल्या मिळाल्या. २०२२ मध्ये बियॉन्सेनं आपलं ‘ब्रेक माय सोल’ ‘व्होग’मध्ये मिसळलं. मूळ गाण्यात हॉलिवूडच्या नटनट्यांची नावं येतात, त्या जागी तिनं कृष्णवर्णीय गायिकांची आणि बॉलरूमच्या हाउसेसची नावं घेतली. बत्तीस वर्षांनी नाच आपल्या माणसांकडे परत आला, आणि मॅडोनाचं गाणं त्याचं वाहन झालं.

जून २०२३ मध्ये जंतुसंसर्गानं ती अतिदक्षता विभागात होती. ऑक्टोबरमध्ये लंडनला तिचा ‘सेलिब्रेशन’ दौरा सुरू झाला. ४ मे २०२४ रोजी रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर त्याचा विनामूल्य समारोप झाला. सुमारे १६ लाख माणसं जमल्याचा अंदाज होता. ती ६५ वर्षांची होती. या वयात हे शोभतं का, असं विचारणारे तेव्हाही होते.

या दौऱ्याच्या दर खेळात ‘लिव्ह टू टेल’ हे गाणं आलं की नाच थांबे. मंचाभोवतीच्या प्रचंड पडद्यांवर एड्सनं गेलेल्यांचे चेहरे उमटत. मार्टिन बर्गोइन, ख्रिस्तोफर फ्लिन, कीथ हेरिंग. मग आणखी चेहरे, नावं ठाऊक नसलेले, इतके की शेवटी पडद्यांवर चौकटीच चौकटी उरत. रिओत त्यांमध्ये ब्राझीलचे कलावंतही होते. ती त्या चेहऱ्यांच्या मध्ये, जमिनीपासून उंच, एका छोट्या चौकटीत उभी राहून गात असे. १९८९ साली पाकिटात घडी घालून ठेवलेला कागद पस्तीस वर्षांनी समुद्रकाठी एवढा मोठा उलगडला होता.