शोधशब्दांचा लिलाव आणि जाहिरातीचे गुण

चैत्र उलटतो न उलटतो तोंच मुंबई-पुण्याच्या घरांतून हापूसची आठवण निघूं लागते. पूर्वीं ती निघाली म्हणजे घरांतील कर्ता पुरुष पिशवी घेऊन मंडईची वाट धरी. आतां कोणी तरी मोबाइल हातीं घेतो, गूगलवर "देवगड हापूस पेटी" असे तीन शब्द टंकतो आणि क्षणार्धांत उत्तरांची यादी समोर उभी राहते. श्रोतेहो, त्या यादीच्या माथ्यावर पुष्कळदां दोन-चार ओळी अशा असतात कीं ज्यांना 'प्रायोजित' अशी लहानशी खूण लावलेली असते. त्या जाहिराती होत. त्यांपैकीं एकीवर आपलें बोट टेकलें कीं, आंबा घेतला जावो अथवा न जावो, कोंकणांतील एखाद्या बागाईतदाराच्या खात्यांतून कांहीं रुपये खर्ची पडलेले असतात. त्याचा हंगाम मोजून दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्या अवधींत हे रुपये सत्कारणीं लागतात कीं वायां जातात, हें ज्या एका हिशेबावर बरेचसें अवलंबून असतें, त्याची ओळख आज करून द्यावयाची आहे.

या जागा लिलावानें विकल्या जातात, आणि हा लिलाव प्रत्येक शोधाच्या वेळीं नव्यानें, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच, पार पडतो. लिलाव म्हटला कीं ज्याची बोली मोठी त्याचा माल, अशी आपली समजूत असते. आणि आरंभीं प्रकार तसाच होता. बिल ग्रॉस यांनीं १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत गोटू डॉट कॉम नांवाचें शोधयंत्र सुरू केलें. तेथें एखाद्या शब्दावर जो अधिक बोली बोले त्याची ओळ वर, आणि पैसे मात्र कोणी टिचकी मारली तरच. कल्पना नामी होती, पण तींत एक व्यंग होतें. जिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं अशी जाहिरात केवळ द्रव्यबळावर अग्रस्थानीं बसे. शोधणाऱ्याला हवें तें मिळेना, आणि टिचकीच पडत नसल्यामुळें जागा विकणाऱ्याच्याहि पदरांत कांहीं पडेना. गूगलनें आपली अ‍ॅडवर्ड्स ही योजना ऑक्टोबर २००० मध्यें काढली, ती जाहिरात किती वेळां दाखविली या हिशेबावर. फेब्रुवारी २००२ मध्यें तिनेंहि टिचकीमागें पैसे घेण्याची रीत उचलली, परंतु एक नवी जोड देऊन : नुसती बोली न पाहतां तिला टिचक्यांच्या प्रमाणानें गुणावें, आणि ज्याचा गुणाकार मोठा त्याला वर बसवावें.

हा गुणाकार एकदां कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एक व्यापारी टिचकीमागें १० रुपये बोलतो, पण त्याची जाहिरात पाहणाऱ्या १०० जणांपैकीं दोघेच तिच्याकडे वळतात. दुसरा ६ रुपयेच बोलतो, पण त्याच्याकडे १०० पैकीं ५ जण वळतात. पहिल्याचा गुणाकार २०, दुसऱ्याचा ३०. वरची जागा दुसऱ्याची! आणि खरी गंमत पुढेंच आहे. या दुसऱ्यानें ६ रुपये द्यावयाचेच नसतात. खालच्यावर मात करण्यास जेवढे अवश्य तेवढेच द्यावयाचे. २० ला ५ नें भागलें म्हणजे ४. तेव्हां ४ रुपयांहून किंचित् अधिक दिले कीं काम भागलें. उलट तोच मनुष्य गाफील राहिला आणि त्याचें प्रमाण ५ वरून अडीचवर आलें, तर गुणाकार १५ वर उतरतो व जागा हातची जाते. ती परत मिळवावयाची तर बोली ८ रुपयांच्या वर न्यावी लागते. आजचा हिशेब याहून पुष्कळ गुंतागुंतीचा आहे. किमान पात्रतेच्या अटी आहेत, जाहिरातीला जोडलेल्या पत्ता, दूरध्वनी इत्यादि पुरवण्यांचाहि विचार होतो. पण गाभा हाच.

या योग्यतेला २००५ सालीं 'क्वालिटी स्कोअर' असें नांव मिळालें. आपण त्यास गुणांक म्हणूं. जाहिरातदाराला आपल्या प्रत्येक शोधशब्दापुढें १ ते १० यांमधील एक आंकडा दिसतो. जाहिरातीवर टिचकी पडण्याचा संभव किती, शोधणाऱ्याच्या हेतूशीं तिचा मजकूर किती जुळतो, आणि टिचकीनंतर उघडणारें पान कितपत उपयोगी पडतें, या तीन गोष्टींवरून तो काढतात. प्रत्येकीला सरासरीहून वर, सरासरी किंवा सरासरीहून खालीं असा शेरा असतो. आणि ही तुलना गेल्या ९० दिवसांत त्याच शब्दावर ज्यांच्या जाहिराती झळकल्या अशा इतरांशीं. आपण होतों तेथेंच उभे राहिलों आणि शेजारी सुधारला, तरी आपला शेरा खालीं येऊं शकतो!

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पडद्यावरचा हा आंकडा प्रत्यक्ष लिलावांत वापरला जात नाहीं, असें गूगलनेंच स्पष्ट केलेलें आहे. लिलावाच्या क्षणीं जाहिरातीची योग्यता नव्यानें अजमावली जाते. शोधणारा कोठें आहे, वेळ कोणती, हातांत कोणतें यंत्र आहे, हें सारें तींत येतें. गुणांक हा नुसता वैद्याचा तापमापक. मात्र ताप उतरविण्याचें सोडून तापमापकच थंड पाण्यांत बुडविणारे महाभाग या धंद्यांत थोडे नाहींत.

मग उपचार कोठून सुरू करावा? सर्वांत अधिक हयगय होते ती शब्दांच्या निवडींत. बागाईतदार "आंबा" या एका शब्दावर बोली लावून मोकळा होतो. पण "आंबा" शोधणारांत कोणाला कलमें लावावयाचीं असतात, कोणाला लोणच्याची कृती हवी असते, कोणी मुलाच्या निबंधासाठीं माहिती हुडकीत असतो. या सर्वांपुढें पेटीची जाहिरात नाचविली तर बहुतेक तोंड फिरवितात. उरलेले चुकून टिचकी मारतात, आणि हे दुसरे अधिक महाग पडतात. यासाठीं पेटीचे शब्द एका गटांत, आमरसाच्या डब्यांचे दुसऱ्यांत, कलमांचे तिसऱ्यांत, आणि प्रत्येक गटाला आपापली जाहिरात व आपापलें पान, अशी व्यवस्था असावी. लोकांनीं खरोखर काय टंकलें याचा अहवाल खात्यांत मिळतो. तो दर आठवड्यास, दुकानदार खतावणी वाचतो तसा, वाचावा. त्यांतून गिऱ्हाइकाची भाषा कळते. बागाईतदार 'हापूस' म्हणतो, शहरांत कोणी 'अल्फान्सो' म्हणतो, कोणी मराठी शब्दच रोमन लिपींत लिहितो. शिवाय 'कृती', 'निबंध', 'चित्र' असे नको असलेले शब्द वर्ज्य म्हणून नोंदवितां येतात. एवढ्यानें गुणांक हलेलच असें नाहीं, कारण तो शोधशब्दाशीं तंतोतंत जुळणाऱ्या शोधांवरूनच काढतात. पण पैशाची गळती थांबते.

मजकुराला जागा फार थोडी. मथळ्याला ३० आणि वर्णनाला ९० अक्षरचिन्हें. असे १५ मथळे व ४ वर्णनें देतां येतात, आणि त्यांची जुळवणी यंत्र करतें. तेव्हां "उत्कृष्ट दर्जा, वाजवी भाव" या जुन्या पालुपदावर ती जागा दवडूं नये. आंबा कोठला, पेटींत किती डझन, पुण्यास किती दिवसांत पोंचेल, हें सांगावें. भाव सांगावा कीं नाहीं, हा खरा पेंच. भाव छापला तर ज्यांना तो परवडत नाहीं ते टिचकी मारीत नाहींत, आणि गुण कदाचित् घसरतात. "फुकट" हा शब्द कोठें तरी घुसडून दिला तर टिचक्यांचा पाऊस पडतो, गुणहि चढतात, आणि पेट्या मात्र वखारींत पिकत पडतात. मला विचाराल तर १० गुण आणि रिकामा गल्ला यांपेक्षां ६ गुण आणि विकलेल्या पेट्या मी पत्करीन.

राहतां राहिलें उघडणारें पान. पुष्कळांच्या पानावर प्रथम आजोबांचें छायाचित्र, मग बागेचा इतिहास, आणि भाव शोधावयाचा तर आणखी तीन दारें उघडावयाचीं! जाहिरातींत जें म्हटलें तेंच पानाच्या माथ्यावर दिसलें पाहिजे. मोठमोठीं छायाचित्रें घालून पान जड करूं नये. तें उघडेपर्यंत वाट पाहण्याचें कोणावर बंधन नसतें. फळ नासकें निघालें तर काय, हें निःसंदिग्ध लिहावें. हापूसला २०१८ मध्यें भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली आहे; तिचा अधिकृत वापरकर्ता असल्यास तसेंहि नमूद करावें.

एक शंका चाणाक्ष श्रोत्यांच्या मनांत आलीच असेल. गुण देणारा परीक्षक आणि लिलाव पुकारणारा एकच, आणि उत्पन्नहि त्याचेंच! शंका निराधार नाहीं. ५ ऑगस्ट २०२४ रोजीं अमेरिकेंतील न्यायाधीश अमित मेहता यांनीं निकाल दिला कीं, गूगलनें शोधसेवेच्या आणि शोधांतील मजकुरी जाहिरातींच्या बाजारांत आपली मक्तेदारी बेकायदेशीर रीतीनें टिकवून धरली, व प्रतिस्पर्ध्यांची तमा न बाळगतां ती या जाहिरातींचे भाव वाढवूं शकली. बागाईतदाराच्या हातीं त्या हिशेबाच्या चाव्या नाहींत. आपले शब्द, आपला मजकूर आणि आपलें पान एवढ्यांचाच तो धनी.

हंगामी मालाच्या धन्यानें काळाचें भान मात्र ठेवावें. पुरेसे शोध झाल्यावांचून गुणांकाच्या जागीं नुसती आडवी रेघ दिसते; ऐन वैशाखांत जाहिरात सुरू करणाराला तिचे गुणदोष कळेपर्यंत आंबा संपत आलेला असतो. म्हणून पहिली तोड बाजारांत येतांच थोड्या, नेमक्या शब्दांनिशीं आरंभ करावा. मृगाच्या सरी आल्या, शेवटची पेटी रवाना झाली, कीं त्याच दिवशीं जाहिरात थांबवावी. "माल संपला" हें वाचावयास माणसें आणण्याचे पैसे कोणी देऊं नयेत. पान मात्र काढून टाकूं नये. त्याच पत्त्यावर तें ठेवावें, आणि पुढल्या वर्षाच्या पेटीसाठीं नांव नोंदविण्याची सोय तेवढी त्यावर करावी.