गाळ : एक शब्द, दोन वस्तू

मराठी शेतकऱ्याच्या बोलीत ‘गाळ’ या शब्दास मान आहे. तळ्याचा गाळ पसरला की जमीन सुधारते, हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा असून, २०१७ साली महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेच्या नावातही तोच गृहीत धरलेला आहे. परंतु भूशास्त्र ज्यास अवसाद म्हणते तो गाळ सर्वत्र एकाच गुणाचा नसतो. हा भेद ध्यानात घेतला नाही, तर शब्दाची पुण्याई वस्तूला फुकट लाभते.

नवीन जालन्याचे उदाहरण या दृष्टीने विचारार्ह आहे. कुंडलिका नदीवरील घाणेवाडीचा तलाव शहराच्या वरच्या अंगास आहे. तेथील गाळ मुख्यतः पाणलोटातील काळ्या मातीचा. तीच नदी पुढे जुना व नवीन जालना यांच्यामधून वाहते. शहराचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या खालच्या पात्रातील गाळाबद्दल तशी ग्वाही देता येत नाही.

जड धातू गाळात कसे शिरतात, हे विजेच्या उपकरणांच्या भंगारावरून स्पष्ट होते. सर्किट बोर्डाच्या जुन्या प्रचलित डाखात शेकडा ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असे. असे बोर्ड उघड्यावर जाळून अथवा तेजाबात बुडवून तांबे व सोने काढतात. उरलेली राख व तेजाब ओढ्यात जातात. मुरादाबाद येथे रामगंगेच्या काठच्या मातीत आणि चीनमधील ग्वेयू येथे ल्येनच्यांग नदीच्या गाळात याचे परिणाम आढळले आहेत.

जालन्यातील धंदा निराळा आहे. येथे लोखंडी भंगार वितळवून सळई तयार होते. तथापि भंगारातील धातू वेगळे होऊन बाहेर पडण्याचे तत्त्व तेच. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त ९०७ व कॅडमियम ७६७ अंशांसच उकळते. म्हणून जस्ताचा मुलामा असलेला पत्रा भट्टीत पडला की त्या जस्ताची वाफ होऊन ते धुळीत उतरते. शिसे व कॅडमियम यांचा अंशही तिच्यात येतो. ही धूळ अडवली गेली नाही, तर पावसाबरोबर नाल्यास मिळते.

येथे एक भ्रम उत्पन्न होतो. दख्खनच्या काळ्या पाषाणावरून वाहणारे पाणी सामान्यतः सौम्य अल्कधर्मी असते. त्यात आलेले धातू चिकणमातीच्या कणांस व लोहाच्या ऑक्साइडांस चिकटून तळाशी बसतात. ‘गाळ’ हा शब्द ‘गाळणे’ या क्रियापदाच्याच कुळातला आहे. पाणी गाळले गेले तरी गाळलेले द्रव्य नाहीसे होत नाही. त्यामुळे पाण्याचा नमुना निर्दोष ठरू शकतो आणि दोष मात्र तळाशी साठत राहतो. तेथे प्राणवायूच्या अभावी हे धातू गंधकाशी संयुक्त होऊन बहुधा स्थिर असतात. तोच गाळ उपसून उन्हावाऱ्यात पसरला, की त्या संयुगांचे ऑक्सिडीकरण होऊन धातू मोकळे होऊ शकतात. त्यांपैकी कॅडमियम पिकांच्या मुळांवाटे तुलनेने सहज वर चढते.

तात्पर्य, पाण्याची तपासणी ही गाळाची तपासणी नव्हे. शहराखालच्या पात्रातील गाळ शेतात नेण्यापूर्वी त्यातील शिसे, कॅडमियम, जस्त व तांबे यांचे प्रमाण मोजणे, आणि तुलनेसाठी घाणेवाडीचा गाळ घेणे, हाच शास्त्रीय मार्ग होय.