हेडलाइट लागलाय का, हे भिंतीला विचारा

गाडीचा एक हेडलाइट गेला, तर ते सगळ्यात शेवटी कळतं चालवणाऱ्याला. समोरून येणाऱ्याला ते दिसतं, पुढच्या रिक्षावाल्याला आरशात दिसतं. आपण मात्र दिव्यांच्या मागे बसलेलो असतो. शहरात खांबांचा उजेड असतो, उरलेला एक दिवा काम भागवत असतो, आणि असे आठवडेच्या आठवडे निघून जातात. मग एखाद्या रात्री ताम्हिणी किंवा आंबा घाटात धुकं उतरतं आणि एका बाजूचा कठडाच दिसेनासा होतो.

हे टाळायला मेकॅनिक लागत नाही. एक भिंत आणि दोन मिनिटं पुरतात. कसं ते क्रमाने पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. डॅशबोर्डवर दिव्याची निळी खूण दिसते, तेव्हा ‘हेडलाइट लागला’ असं आपल्याला वाटतं. ती खूण एवढंच सांगते, की आपण अप्पर लावलाय. अप्पर म्हणजे लांबवर जाणारा झोत आणि डिप्पर म्हणजे खाली वाकलेला, जवळचा झोत. बहुतेक साध्या गाड्यांत ही खूण बटणाशी जोडलेली असते, बल्बशी नाही. दोन्ही बल्ब जळालेले असले तरी ती निळीशार उजळेल. दिवे लावल्यावर दिसणाऱ्या हिरव्या खुणेचंही तसंच.

दुसरा चकवा नव्या गाड्यांतला. त्यांचा डॅशबोर्ड दिवसरात्र उजळलेला असतो आणि पुढे दिवसा लागणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या असतात. संध्याकाळी त्यांचाच उजेड रस्त्यावर पडतो आणि आपण दिवे लावलेत असं वाटतं. प्रत्यक्षात हेडलाइट बंद असतो, आणि पुष्कळ गाड्यांत त्या वेळी मागचे लाल दिवेही बंद असतात. मागून येणाऱ्याला आपली गाडी म्हणजे नुसता काळा ठोकळा. म्हणून पहिली सवय ही, की दिव्याचा दांडा हाताने फिरवून हेडलाइटच्या खुणेवर आणायचा. पार्किंगच्या खुणेवर थांबायचं नाही.

आता भिंत. सोसायटीच्या पार्किंगची, कंपाउंडची, गोठ्याची, कुठलीही चालेल. फिक्या रंगाची असली तर उत्तम. अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे तोंड करून साधारण तीन मीटरवर सरळ उभी करा. फार जवळ नको, कारण मग काय चुकलंय ते उमगत नाही. गाडी तिरकीही नको. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि इंजिन चालू करा. बंद इंजिनावर बॅटरी साधारण साडेबारा व्होल्ट देते आणि चालू इंजिनावर चौदाच्या आसपास, म्हणून दिव्याचा खरा उजेड इंजिन चालू असतानाच दिसतो.

डिप्पर लावा. भिंतीवर उजेडाचे दोन पट्टे दिसायला हवेत, डावीकडे एक, उजवीकडे एक. इथे घाई करू नका. दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एक दिवा बंद असला तरी भिंत उजळलेलीच दिसते. नेमकी इथेच फसगत होते. शंका आली तर उतरा आणि पुठ्ठ्याचा तुकडा एका दिव्यासमोर क्षणभर धरा. तो पट्टा गेला पाहिजे. मग दुसऱ्यासमोर धरा. दिव्यावर हात टेकवू नका, हॅलोजनची काच चांगलीच तापते.

आता अप्पर लावा. दोन्ही पट्टे वर सरकतील आणि मधला भाग जास्त तेजाळेल. एकच वर सरकला, तर दुसऱ्या बाजूचा अप्पर गेला आहे. मग दांडा स्वतःकडे ओढून सोडा. ओव्हरटेक करताना आपण देतो तो पास लाइट. तोही दोन्हीकडे चमकायला हवा.

याच वेळी इंडिकेटर पाहून घ्या. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर टिकटिकत असेल, तर त्या बाजूचा बल्ब बहुधा गेलेला आहे. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये एक बल्ब कमी झाला की वीज कमी वाहते आणि टिकटिक वाढते. इंडिकेटर असं ओरडून सांगतो. हेडलाइटला ही सोय बहुतेक गाड्यांत दिलेली नाही, म्हणून तर हा सगळा उपद्व्याप.

मागच्या दिव्यांसाठी गाडी फिरवून पाठ भिंतीकडे करा आणि आरशात पाहा. दिवे लावल्यावर भिंत दोन्हीकडे मंद लाल दिसेल, ब्रेक दाबल्यावर ठळक लाल, रिव्हर्स टाकल्यावर पांढरी. हे सगळं बसल्या जागेवरून होतं.

भिंत मिळाली नाही तर? सिग्नलला पुढे टेम्पो किंवा एसटी उभी असली, तर तिच्या मागच्या पत्र्यावर आपले दोन ठिपके दिसतात. बंद दुकानाच्या काचेत तर गाडीचा चेहराच दिसतो. पेट्रोल पंपावर रांगेत असताना पुढच्या गाडीचा बंपर पाहा. घरी एकटेच असाल, तर फोन स्टुलावर टेकवून गाडीसमोर ठेवा, व्हिडिओ सुरू करा आणि आत बसून एकेक बटण दाबा. फोन पाहायला मात्र गाडी बंद करूनच जा.

दिवा लागत नाही असं दिसलं, तर लगेच बल्ब विकत आणायला धावू नका. काय काय बंद आहे, त्यावरून दोष कुठे आहे हे बरंचसं कळतं.

एकाच बाजूचा एकच झोत गेला, तर बहुधा बल्बच गेलाय. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत आणि मोटरसायकलींत एच-४ नावाचा बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, म्हणजे जळून उजेड देणारे दोन फिलामेंट : साठ वॅटची अप्परसाठी, पंचावन्न वॅटची डिप्परसाठी. डिप्परच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते; ती उजेडाचा खालचा भाग अडवते, म्हणून झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरत नाही. आपण बहुतेक वेळ डिप्परवरच चालवतो, त्यामुळे तीच तार आधी तुटते. मग पुष्कळ जण ‘अप्पर तर लागतोय ना’ म्हणून अप्परवरच गाडी हाकतात. समोरच्या माणसाच्या दृष्टीने यासारखा त्रास दुसरा नाही. आपली अडचण आपण त्याच्या डोळ्यांवर लादतो.

दोन्ही बाजूंचा एकच झोत एकदम गेला, तर दोन बल्ब एकाच रात्री जळण्यापेक्षा फ्यूज, रिले किंवा दांड्याखालचा स्विच बिघडण्याची शक्यता जास्त. फ्यूज म्हणजे जास्त वीज वाहिली तर स्वतः वितळून वायरिंग वाचवणारी पट्टी. ती पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये असते, काढून उजेडात धरली की तुटलेली तार दिसते. लाल रंगाचा फ्यूज दहा अँपिअरचा, निळा पंधराचा. जितक्याचा गेला तितक्याचाच बसवा. जाड फ्यूज किंवा तांब्याची तार घालून ‘काम चालवलं’, तर पुढच्या वेळी फ्यूज नाही, वायर वितळेल. अनेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या दिव्याचे फ्यूज वेगळे असतात. एक गेला तरी दुसरा दिवा राहावा, एवढाच त्यामागचा विचार.

दिवा लागतो पण मिणमिणतो, असं असेल तर अर्थिंग पाहा. अर्थिंग म्हणजे बल्बमधून आलेली वीज गाडीच्या पत्र्यावाटे बॅटरीकडे परतण्याची वाट. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात ही वायर पत्र्याला जोडणारा स्क्रू गंजतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तरी हॅलोजनचा उजेड जवळजवळ एक तृतीयांश कमी होतो. अशा वेळी नवा बल्ब घालून काही होत नाही. स्क्रू काढून पॉलिश पेपरने घासला की उजेड परत येतो. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हे पाच मिनिटांचं काम आहे.

पूर्ण बंद नाही, मंदही नाही, पण खड्ड्यात दिवा मिचकावतो, तर होल्डर ढिला आहे. होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, तर तो तापून गेलाय, बदलाच. बाजारात नव्वद-शंभर वॅटचे बल्ब मिळतात. शंभर वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर आठ अँपिअरपेक्षा जास्त ओढतो. मूळ वायरिंग साडेचार-पाच अँपिअरच्या हिशेबाने केलेलं असतं. होल्डर वितळतो तो याच कारणाने.

बल्ब स्वतः बदलायचा असेल, तर दिवा थंड होऊ द्या. बॉनेट उघडा, दिव्याच्या मागचा होल्डर ओढा, रबराचं टोपण काढा, तारेची क्लिप दाबून सोडवा. एच-४ ला तीन कान असतात आणि ते सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे बल्ब एकाच पद्धतीने नीट बसतो. जोर लावून वाकडा बसवला, तर दिवा लागेल पण झोत आभाळात जाईल. काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिच्यावर राहतं, तेवढा भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. कागदात किंवा स्वच्छ फडक्यात धरा. रबराचं टोपण परत घट्ट बसवायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच पावसात दिव्याच्या आत पाणी दिसेल. शक्य तर दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला. दोघांचं वय सारखंच झालेलं असतं.

दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही, झोतही नीट पडला पाहिजे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, म्हणून भिंतीवर डिप्परच्या पट्ट्याची वरची कड उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे जरा वर चढते. डावीकडची साइडपट्टी आणि पादचारी दिसावेत आणि समोरच्याला झळ लागू नये म्हणून. पट्टा उलटा, उजवीकडे चढलेला दिसला, तर तो दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशाचा आहे, तो इथे नको. झोत साधारण शंभरात एक या प्रमाणात खाली वाकलेला असावा लागतो. पाच मीटरवरच्या भिंतीवर तो दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली दिसायला हवा.

मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि झोतही वर जातो. त्यासाठी डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकडे असलेली छोटी चाकी असते. एकटे असताना शून्य, गाडी भरली की आकडा वाढवायचा. गावी जाताना डिकी भरतो आपण, पण ही चाकी किती जण फिरवतात?

गाडीनेच हे सगळं सांगावं, हा विचारही जुना आहे. अमेरिकेत १९६८ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीत दिव्यांपासून काचतंतूंच्या बारीक दोऱ्या चालकाजवळच्या पॅनेलपर्यंत आणल्या होत्या. दिवा लागला की त्याचाच उजेड दोरीतून येऊन पॅनेलवर ठिपका चमकायचा. ठिपका नाही म्हणजे दिवा नाही. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती बटणावर नाही, थेट उजेडावर विश्वास ठेवते. पुढे काही गाड्यांत बल्बच्या वायरवर एक गुंडाळी बसवली गेली. वीज वाहिली की तिच्या चुंबकाने छोटा स्विच जोडलेला राहतो, बल्ब गेला की सुटतो आणि डॅशबोर्डवर इशारा लागतो. हल्ली महागड्या गाड्यांत संगणक विजेचं मोजमाप करतो. अशा गाडीत हॅलोजनच्या जागी बाजारचा एलईडी बल्ब बसवला, की तो कमी वीज घेतो आणि बल्ब चांगला असूनही ‘बल्ब गेला’ अशी सूचना येऊ शकते.

दुचाकीवाल्यांसाठी एक गोष्ट. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू होताच आपोआप लागणारा हेडलाइट असतो, बंद करायचं बटणच नाही. दिवा दिवसभर जळतो, त्यामुळे हॅलोजन असेल तर त्याचं आयुष्यही दिवसा संपतं आणि तो केव्हा गेला ते उन्हात कळत नाही. दुचाकीला दुसरा दिवाही नसतो. रोज सकाळी किक किंवा स्टार्टर मारल्यावर तळहात दिव्यासमोर धरून उजेड पाहा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे गाडीच्या दिव्यांनी पुढची १५५ मीटरपर्यंतची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसायला हवीत. पण मला कायद्यापेक्षा जास्त काळजी वाटते ती उजव्या दिव्याची. आपला उजवा दिवा रस्त्याच्या मध्याकडे असतो. तोच गेला, तर समोरच्याला फक्त डावा दिसतो आणि वाटतं, कडेने एक मोटरसायकल येतेय. तो तेवढीच जागा सोडतो, आणि त्या अंधाऱ्या जागेत आपली अर्धी गाडी असते.

म्हणून भिंतीपाशीची ही तपासणी महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री न चुकता करा. आणि रस्त्यात एका दिव्याची गाडी दिसली, तर पुढच्या सिग्नलला किंवा ढाब्यावर तिच्या चालकाला सांगा. कुठला दिवा गेलाय, डावा की उजवा, तेही सांगा. त्याला ते बसल्या जागेवरून दिसत नाही.